"सिबिल खराब? तरी कार्ड नक्की!" : मामाचे ४,१३० रुपये

माटोळी | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

गणपतीची चवथ पंधरा दिवसांवर आलीय, घरात रंगाचे डबे उघडे पडलेत आणि मी ते सोडून हे टंकत बसलेय. संध्याकाळी मामाकडून आले तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मामा साखळीजवळचा, खाणपट्ट्यातला टिपरवाला, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकचा मालक. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा पहिल्या टिपरचं कर्ज कसंबसं फेडलं, २०१४ पर्यंत. मग खाणी पुन्हा सुरू झाल्या, वाड्यावर जो तो टिपर घेऊ लागला, मामानेही दुसरा घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली, १६ मार्चपासून खाणी थांबल्या आणि टिपर अंगणातल्या फणसाखाली उभा राहिला. तीन वर्षं हप्त्यांची ओढाताण, मग बँकेशी तडजोड. टिपर विकला, मामीच्या पाटल्या मोडल्या, एकरकमी पैसे भरले. मामाच्या मते कर्ज तिथे संपलं. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टात, मात्र ते खातं 'सेटल्ड', पूर्ण न भरता तडजोडीत मिटवलेलं, म्हणून बसलंय. गेल्या वर्षी म्हापशाला फ्रिज हप्त्यावर घ्यायला गेला तर काउंटरवरच्या पोराने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, "अंकल, तुमचं सिबिल बसत नाही." तेव्हापासून मामा बँकेची पायरी चढलेला नाही.

जुलैत फोन आला. हिंदीत गोड बोलणारी मुलगी. सिबिल कमी असलं तरी कार्ड नक्की, ५० हजारांचं लिमिट, लाइफटाइम फ्री, बँकेत यायची गरज नाही. फक्त फाइल चार्ज ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४,१३०. मामाने यूपीआय केलं. मामीला सांगितलं नाही.

लाइफटाइम फ्री म्हणतात आणि वर फाइल चार्ज घेतात, हे खटकलं नाही का, असं विचारलं. तर म्हणाला, "जीएसटी घेतात म्हणजे सरकारमान्य असणारच ना गो."

आज ते कार्ड हातात घेऊन पाहिलं. सोनेरी, जड पाकिटातून आलेलं, वर मामाचं नाव उठावदार अक्षरांत. नाव मात्र चुकीचं, एक अक्षर गाळलेलं. चिप आहे असं वाटतं, पण नखाने खरवडलं तर कळतं की छापलेलं चित्र आहे. बँकेचं नाव नाही. रूपे नाही, व्हिसा नाही, मास्टरकार्ड नाही. मागे काळी पट्टी आहे आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ. माझ्या मुलाने मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचली: हे क्रेडिट कार्ड नाही, केवळ सभासदांच्या खरेदीसाठी.

म्हणजे त्यांच्याच वेबसाइटवर, त्यांचाच माल. तोही पूर्ण 'लिमिट'वर नाहीच. प्रत्येक वस्तूची ६० टक्के किंमत आधी भरायची, उरलेली ४० टक्के कार्डावर. तिथे एक मिक्सर पाहिला, ८,९९९. तसाच आमच्या फोंड्यात ३,२०० ला मिळतो. म्हणजे नुसत्या ६० टक्क्यांतच, ५,४०० रुपयांत, फोंड्याचा मिक्सर येऊन वर दोन हजार उरतात.

पॅन आणि आधारचे फोटोही मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत. आता काय करू?

रेतीबंदर | १२ ऑगस्ट, रात्री १०:०२

कंपनीचं नाव टाका ना इथे. बाकीचे तरी वाचतील.

कदंबप्रवासी | १२ ऑगस्ट, रात्री १०:१५

मामाला सांग, फुकट कांयच मेळना. सगळं फटिंग काम. पण खरं सांगू का, राग मानू नकोस, जो एकदा कर्ज बुडवतो त्याला पुन्हा ५० हजारांचं कार्ड कशाला हवं? लोभ असतो म्हणूनच हे लोक पोसतात.

संपादक | १२ ऑगस्ट, रात्री १०:३१

कंपनीचं नाव, फोन नंबर, कार्डाचा फोटो इथे टाकू नये. चर्चा चालू ठेवा.

शाखाबाह्य | १२ ऑगस्ट, रात्री ११:२०

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. माटोळीताई, आधी आज रात्रीच करायचं सांगतो, बाकी पुराण नंतर.

१९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे जाऊन दिवस झाले असतील तर अडवले जाण्याची आशा कमी, पण तक्रारीचा क्रमांक हातात राहतो, आणि पॅन-आधार बाहेर गेल्यामुळे तो लागणार आहे. यूपीआयचा व्यवहार ज्या बँकेतून झाला तिथेही लेखी कळवा. पाकीट, कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, काहीही फेकू नका.

ही कंपनी बँक नाही, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन हाती काही लागणार नाही. आपल्याकडे क्रेडिट कार्ड फक्त बँका आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मोजक्या वित्त कंपन्या देऊ शकतात. हे कार्ड म्हणजे दुकानाचं सभासदपत्र आहे. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

आता मामांची चूक कुठे झाली ते. सिबिल कमी असताना कार्ड मागितलं यात काहीही चूक नाही. चूक झाली ती आधी पैसे भरले इथे. खऱ्या कार्डाची जॉइनिंग फी असते, कधी भरपूर असते, पण ती कार्ड आल्यावर पहिल्या बिलात लागते. एजंटच्या यूपीआयवर नाही, कुरिअरवाल्याच्या हातात नाही. माझ्या ३१ वर्षांत 'आधी फाइल चार्ज, मग कार्ड' असं एकही खरं कार्ड पाहिलं नाही.

आणि कुठलाही खरा बँकवाला अर्ज पाहायच्या आधी 'नक्की मिळेल' म्हणत नाही. त्याच्या हातातच नसतं ते! उलट नियम असा आहे की अर्ज फेटाळला तर बँकेने कारण लेखी द्यायचं. म्हापशाच्या त्या पोराचं ओरडणं सोडा. बँकेत अर्ज करून नकार आला असता तर मामांच्या हातात निदान कारणाचा कागद असता.

फोन कुठल्या नंबरवरून आला होता? जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करायचे असतात, खातेदारांना व्यवहाराचे कॉल १६०० वाल्या मालिकेतून. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'कार्ड विभागातून बोलतोय' म्हणणाऱ्याला मी जेवलास का एवढंच विचारतो.

माटोळी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

काका, खूप आभार. १९३० ला रात्रीच लावला, क्रमांक मिळालाय. नंबर साधा मोबाइलचाच होता.

कदंबप्रवासी, राग मानला नाही, पण उत्तर देते. मामाने कर्ज बुडवलं नाही, बंद झालेल्या खाणीने बुडवलं. आणि ५० हजार त्याला उडवायचे नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कार्ड आलं असतं तर त्या दुकानात जाऊन फ्रिज घेतला असता." तोच फ्रिज, तेच दुकान, तोच पोरगा समोर. याला लोभ म्हणायचं असेल तर म्हण. त्या मुलीने फोनवर पहिलंच वाक्य काय टाकलं असेल? "सर, बँकवालों ने आपको मना किया है ना?" तिला माहीत होतं कुठे दुखतं ते.

कदंबप्रवासी | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

बरं बाई, शब्द मागे. पण तिला कसं कळलं बँकेने नाही म्हटलं ते?

डिचोलीचा_धुरळा | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

कदंबबाब, त्यात कळायचं काय आहे? डिचोली, साखळी, कुडचडे, सावर्डे या भागात कुठलाही नंबर फिरवा, दर चौथ्या घरात कुणाचं तरी टिपरचं कर्ज थकलेलं सापडेल. नेम धरायची गरजच नाही, दगड कुठेही पडला तरी लागतोच.

माझी गोष्ट त्याहून गंमतीची. मी आयुष्यात कर्ज घेतलं नाही. शेजाऱ्याच्या टिपरला जामीन राहिलो, कारण तो माझ्या चुलत्याला जामीन होता. आमच्याकडे सगळे एकमेकांना जामीन, अशी साखळीच होती. शेजाऱ्याचे हप्ते थांबले तसं ते खातं माझ्याही रिपोर्टात थकीत म्हणून आलं. मला पत्ताच नाही. मुलीच्या शैक्षणिक कर्जाला गेलो तेव्हा कळलं. जामीन म्हणजे चहा पिऊन केलेली सही नव्हे, ते कर्ज तुमच्याही नावावर चढतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मलाही हे फोन येतात. एकाने 'सिबिल फ्री कार्ड' म्हटलं. मी म्हटलं, मलेरिया फ्री गाव ऐकलंय, हे काय?

हंगामी_शॅक | १३ ऑगस्ट, रात्री ११:५५

कळंगुटला किनाऱ्यावरच्या एका शॅकवर, म्हणजे हंगामी झोपडीवजा हॉटेलात, काम करतो, ऑक्टोबर ते मे. पावसात बसून. माझं सिबिल खराब नाही, सिबिलच नाही. मायनस एक दाखवतं. मला वाटायचं शून्यापेक्षाही वाईट.

पर्वरीच्या एका मॉलमध्ये स्टॉल होता, खऱ्या बँकेचा, त्यामुळे ही फसवणूक म्हणायची का हे तुम्हीच सांगा. टाय लावलेला पोरगा म्हणाला, पगारपत्रक नसलं तरी कार्ड मिळेल, फक्त २५ हजार 'सिक्युरिटी' म्हणून ठेवायचे, तीन महिन्यांत परत. टॅबवर चार-पाच ठिकाणी बोटाने सही घेतली. कार्ड आलं, खरं आहे, चालतंही. पण ते २५ हजार म्हणजे माझ्याच नावची मुदत ठेव निघाली आणि ती कार्ड चालू असेपर्यंत मोडता येत नाही. तीन महिने वगैरे कुठेच लिहिलेलं नाही.

पहिलं बिल आलं तेव्हा मी काहीही खरेदी केलेली नव्हती. जॉइनिंग फी ९९९, कसलं तरी 'सुरक्षा कवच' १,२९९, त्यावर जीएसटी. २,७११ रुपये ६४ पैसे. आता पावसाळा, पगार नाही, सगळी पुंजी त्या ठेवीत. गेले दोन महिने फक्त मिनिमम भरतोय.

शाखाबाह्य | १४ ऑगस्ट, सकाळी ६:४५

हंगामी, तुझी गोष्ट मला मामांच्या गोष्टीपेक्षा जास्त खुपते, कारण यात माल खरा आहे आणि तोंडी सांगितलेलं खोटं. पकडायला कठीण.

पहिलं, मायनस एकला घाबरू नकोस. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. मायनस एक म्हणजे तुझी कर्जाची नोंदच नाही. कोरी पाटी.

दुसरं, ठेवीवरचं कार्ड हा प्रकार वाईट नाही. सिबिल बिघडलेल्याला किंवा नसलेल्याला खऱ्या बँकेचं कार्ड मिळायचा हाच सरळ रस्ता आहे. मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर लीन लावते, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ठेव बांधलेली. ठेवीच्या साधारण ८०-९० टक्के, काही ठिकाणी पूर्ण रकमेएवढं लिमिट. ठेवीचं व्याज तुझंच. दर महिन्याचा भरणा इतर कार्डांसारखाच सिबिलला जातो, आणि तिथूनच नोंद तयार होते. बिल थकलं तर बँक ठेवीतून वळती करून घेते. यात कुणी तुला 'नक्की मिळेल' म्हटलं तर ते खोटं नाही, पण ते तुझ्यावर उपकारही नाहीत, तुझेच पैसे तुला दाखवून दिलेलं लिमिट आहे. त्या टायवाल्याने हे असं सांगितलं असतं तरी तू घेतलंच असतंस. पण 'सिक्युरिटी, तीन महिन्यांत परत' म्हटलं की सही लवकर होते.

कवचाचं. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे निर्देश आहेत. कार्डाबरोबर दिल्या जाणाऱ्या इतर गोष्टींना ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, गृहीत धरलेली चालत नाही. बँकेला ईमेल कर: कवच मी मागितलं नव्हतं, माझी संमती कधी आणि कशी घेतली ते दाखवा, रक्कम करासह परत करा. स्टॉलवरचा पोरगा कंत्राटी असला तरी त्याच्या बोलण्याची जबाबदारी बँकेचीच. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन होतं, फुकट होतं, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.

आता सर्वांत महत्त्वाचं, ते मिनिमम. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धर, वर्षाला ४२ झालं. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे १० हजार थकले तर महिन्याला ३५० व्याज आणि ६३ कर, मिळून ४१३. तू ५०० भरलेस की मुद्दलातले गेले किती? ८७ रुपये. आणि मागचं पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्याच दिवसापासून मीटर सुरू. कार्डाने एटीएममधून रोख काढलीस तर कधीच मिळत नाहीत. तेव्हा शक्य झालं तर उसने घे, पण तो आकडा एकदा पूर्ण शून्य कर. मग महिन्याला एक मोबाइल रिचार्ज त्यावर कर आणि पूर्ण भर. लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नकोस.

कार्ड बंदच करायचं ठरवलंस, तर थकबाकी नसताना विनंती केल्यापासून ७ कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तुला द्यायचे. पण मी म्हणेन बंद करू नकोस. कवच तेवढं काढ.

हंगामी_शॅक | १४ ऑगस्ट, सकाळी ८:१०

८७ रुपये?? मी दोन महिने ५००-५०० भरून स्वतःची पाठ थोपटत होतो.

परदेशी_पोदेर | १४ ऑगस्ट, दुपारी ४:२०

न्यू जर्सीत आहे, पंधरा वर्षं झाली. इथे नवीन आलेल्यालाही क्रेडिट नसतं, त्यामुळे अशी पाकिटं मलाही येत. सोनेरी रंग इथूनच गेला असावा!

इथला प्रकार थोडा वेगळा. कार्ड खरं, बँक खरी, पण लिमिट ३०० डॉलर आणि त्यातच पहिल्या दिवशी वार्षिक फी, सुरुवातीची फी असं चढवून ठेवायचे. लोकांच्या हातात येईपर्यंत निम्म्याहून जास्त लिमिट फीनेच खाल्लेलं. ग्राहक संघटनांचे लोक यांना फी कापणीची कार्डं म्हणत. २००९ मध्ये कायदा आला: पहिल्या वर्षातली फी लिमिटच्या २५ टक्क्यांच्या वर नको. ३०० च्या कार्डावर ७५. मग काय झालं, कंपन्या बरोबर ७५ घेऊ लागल्या आणि दुसऱ्या वर्षापासून महिन्याची फी. पोदेर पावाचं वजन कमी करतो तसंच.

माटोळीच्या मामाला आलंय तसं दुकानी कार्डही इथे होतं आणि आहे, स्वतःच्याच कॅटलॉगपुरतं. आणि फोनवर 'कर्ज किंवा कार्ड नक्की' असं सांगून आधी पैसे मागणं इथे नियमानेच बंद आहे, मग पुढे कार्ड खरंच दिलं तरी. मला तो नियम आवडतो. देणार की नाही हे बघायची गरजच नाही, आधी मागितले म्हणजे संपलं.

सुंगटांची_कढी | १५ ऑगस्ट, सकाळी ११:००

सगळ्यांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. म्हापशाला एक जण बसतो, ६ हजार घेऊन सिबिल 'क्लीन' करून देतो म्हणे. आमच्या शेजारणीने दिलेत. 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून देतो सांगितलंय. खरंच होतं का असं? मामांना उपयोगी पडेल म्हणून विचारते.

शाखाबाह्य | १५ ऑगस्ट, दुपारी १२:१५

नाही. कढीताई, शेजारणीला आजच सांगा.

सिबिल स्वतः काही लिहीत नाही. बँक जे कळवते ते तिथे दिसतं. त्यामुळे बाहेरच्या माणसाला तिथे खोडरबर चालवता येत नाही. नोंद चुकीची असेल तर दुरुस्ती होते, आणि ती तुम्ही स्वतः ऑनलाइन, एक पैसा न भरता मागू शकता. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. नोंद बरोबर असेल तर कुणाच्या बापालाही ती पुसता येत नाही. 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' व्हायला एकच वाट: बँकेने तडजोडीत जी रक्कम सोडली ती भरायची, थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा आणि बँकेकडून नोंद बदलून घ्यायची. भरण्याजोगी असेल तर भरावी. मामांची किती सोडली होती माहीत नाही, लाखांत असेल तर त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

हे 'क्लीन'वाले करतात काय, तर तुमच्या नावाने प्रत्येक खात्यावर वाद टाकतात, म्हणजे 'नोंद चुकीची' अशी हरकत घेतात. काही दिवस त्या खात्यापुढे वादग्रस्त असा शेरा दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, बँक उत्तर देते, शेरा जातो. तोवर ६ हजार पचलेले.

माटोळीताई, मामांचा रिपोर्ट काढलात का? सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्या वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. पॅन बाहेर गेलंय, तेव्हा मामांच्या नावावर कुणी अ‍ॅपवरून कर्ज उचललंय का, हे त्यातच कळेल.

डिचोलीचा_धुरळा | १५ ऑगस्ट, दुपारी १:४०

काढा काढा. आणि चारही पानं वाचा. आम्ही पहिल्या पानावरचा आकडा बघून बंद करतो, दहावीच्या निकालासारखा.

माटोळी | १७ ऑगस्ट, रात्री १०:१०

काढला. मामाला शेजारी बसवून, चष्मा लावून, ओळ न ओळ.

नवीन कर्ज कुठलंही नाही. एवढं तरी देवाने राखलं. स्कोअर ५६८. दुसऱ्या टिपरपुढे 'सेटल्ड', ते माहीत होतं. पण त्याच्यावर अजून एक खातं. मामा म्हणाला, "हा तर पहिला टिपर." २०१४ मध्ये शेवटचा हप्ता भरला तो. रिपोर्टात अजून चालू, वर ११,४०० थकीत! अकरा वर्षं!

मामा उठला, देवघराच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. त्यात आरसी बुकाची झेरॉक्स, विम्याच्या पावत्या, मामीच्या पाटल्यांची सोनाराची पावती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला बँकेचा 'कर्ज पूर्ण फेडले' असा दाखला, शिक्क्यासकट. घडीवर फाटलाय, पण तारीख वाचता येते. मी फोटो काढून तिथेच वाद दाखल केला.

मामा पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्या पोराने मला हाकललं ते न घेतलेल्या पैशांसाठीपण?"

कदंबप्रवासी | १७ ऑगस्ट, रात्री १०:४५

माटोळी, मी परवा जे लिहिलं ते मामाला दाखवू नकोस.

रेतीबंदर | १८ ऑगस्ट, सकाळी ९:३०

हा धागा वाचून मीही माझा काढला. बाकी ठीक, पण त्यात मागच्या दोन महिन्यांत सात चौकशा, म्हणजे अर्जावरून कुणीतरी माझा रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी. मी एकाच 'तुमची पात्रता तपासा' लिंकवर माहिती भरली होती. त्यांनी सात ठिकाणी अर्ज टाकलाय बहुतेक. यानेही स्कोअर उतरतो ना?

शाखाबाह्य | १८ ऑगस्ट, सकाळी १०:०५

उतरतो. थोड्या काळात पुष्कळ चौकशा दिसल्या की बँकेला वाटतं माणूस दारोदार फिरतोय. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघा, त्याने काही होत नाही. आता सहा महिने कुठेच अर्ज करू नका. ज्या चौकशीला तुमची परवानगी नव्हती तिच्यावर वाद टाका.

हंगामी_शॅक | २० सप्टेंबर, रात्री १२:३०

कवचाचे १,२९९ आणि त्यावरचा कर परत आला. पहिल्या ईमेलला 'आपण सही केली आहे' असं उत्तर. मी लिहिलं, संमतीची नोंद पाठवा, नाहीतर लोकपालाकडे जातो. चौथ्या दिवशी पैसे जमा. बहिणीकडून उसने घेऊन थकबाकीही शून्य केलीय. शॅकचे वासे पुढच्या आठवड्यात उभे राहतील.

माटोळी | २४ सप्टेंबर, रात्री ९:१५

आमचाही हिशेब. पहिल्या टिपरची नोंद २६ व्या दिवशी दुरुस्त झाली, आता 'क्लोज्ड' आहे. स्कोअर ६११. 'सेटल्ड' तसंच राहणार. ती सोडलेली रक्कम लाखांत आहे, काकांचा अंदाज बरोबर.

१९१५ वरच्या तक्रारीनंतर त्या कंपनीने २,००० परत केले आणि बाकी 'प्रोसेसिंग' म्हणून कापले. मामा म्हणाला पुरे, मी म्हटलं नाही, ग्राहक आयोगाकडे अर्ज लिहायला घेतलाय. १९३० कडून अजून काही नाही.

मामाने गावच्या शाखेत २० हजारांची ठेव ठेवून कार्ड घेतलं, १८ हजारांचं लिमिट. स्वतः गेला, मला बरोबर येऊ दिलं नाही. पहिलं बिल विजेचं, ते तारखेच्या आठ दिवस आधीच भरून टाकलं. फ्रिज अजून घेतला नाही. म्हणतो, आता रोखीने घेईन, पण त्याच दुकानात.

शाखाबाह्य | २४ सप्टेंबर, रात्री ९:५०

उत्तम. आयोगासाठी ते सोनेरी कार्ड आणि पाकीट जपून ठेवलंय ना? मूळ वस्तू लागेल.

माटोळी | २४ सप्टेंबर, रात्री १०:०५

काका, तेच सांगायचं टाळत होते. चवथीला नेवऱ्या करताना मामीने पोळपाटावरचं पीठ खरवडायला तेच घेतलं. "चार हजारांची उलथणी" म्हणत होती. महिनाभर तेच चाललंय, भाकरीच्या पिठालाही.

शाखाबाह्य | २४ सप्टेंबर, रात्री १०:०८

अहो पुरावा आहे तो! धुऊन, पुसून पाकिटात घाला आजच.

माटोळी | २५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

धुतलं. मामाचं चुकलेलं नाव शाबूत आहे. मागची ती मुंगीएवढी ओळ मात्र पार घासून गेलीय. मुलाने काढलेला फोटो आहे म्हणून बरं.